पॅरिया कॅन्यन, पाठीवर बिऱ्हाड घेऊन चार दिवस: सल्ला हवा

फोंड्याचा_भटक्या
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, पन्नाशीच्या थोडे अलीकडे-पलीकडे. दोघे फोंड्याचे, दोघे डिचोलीचे. चोर्ला घाट, सत्तरीतले ओढे, हिवाळ्यात सह्याद्रीतले किल्ले, एवढा अनुभव आहे. भाचा अमेरिकेत फिनिक्सला असतो. त्याने डोक्यात भरवलंय की तिथल्या युटा राज्यातल्या व्हाइट हाउस नावाच्या जागेपासून ॲरिझोना राज्यातल्या लीज फेरीपर्यंत पॅरिया कॅन्यनमधून, म्हणजे पॅरिया नदीच्या घळीतून, चालत उतरायचं. ३८ मैल, म्हणजे ६१ किलोमीटर. मुक्काम तीन.

त्याला सुट्टी जुलैअखेरीस मिळते. म्हणतो, "मामा, तुम्ही भर पावसात ओढे ओलांडणारे लोक. इथे नदी घोट्याएवढी असते." विचारायचं एवढंच: जुलै चालेल का, पिण्याच्या पाण्याचं काय करायचं, बूट कुठले घ्यायचे आणि इथून खायला काय न्यायचं? कुणी जाऊन आलंय का?

वाळवंटी_काठ
मी साखळीचा, म्हणून हे नाव. वाळवंटी नदीच्या काठचा माणूस वाळवंटात जाणार म्हणून घरी भरपूर चेष्टा झाली होती. मुलीबरोबर मे महिन्यात हाच रस्ता चाललोय.

जुलै नको. भाच्याला स्पष्ट सांगा. जुलै ते सप्टेंबर तिथलाही पावसाळा असतो, फक्त तो दुपारी येतो आणि तासाभरात संपतो. खाली मातीच नाही, उघडा खडक. पडलेलं पाणी मुरत नाही, सगळं घळीत उतरतं. पॅरियाचा उगम ब्राइस कॅन्यनच्या बाजूला आहे. तिकडे ढग फुटला तर तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतानाच लोंढा येऊ शकतो. आपल्याकडे पूर येतो तेव्हा आपण आधीच भिजलेले असतो, नदीचा रंग चार दिवस बघत असतो. ती सवय तिथे उपयोगाची नाही. त्याच भागातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता कित्येक किलोमीटर वर.

दुसऱ्या दिवशी अरुंद भागातून जाताना मुलीने वर बोट दाखवलं. दोन भिंतींच्या मध्ये, आमच्या डोक्याच्या खूप वर, अख्खा ओंडका आडवा अडकलेला, आणि त्याला वाळलेल्या काटक्यांचा झुपका. पूर ओसरल्यावर साखळीत झाडांच्या फांद्यांना गवत आणि प्लास्टिक लटकलेलं दिसतं, तसंच. फक्त ते दिसायला मान पूर्ण मागे टाकावी लागली. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बघा. निघायच्या सकाळी रेंजरांकडून हवामानाचा अंदाज घ्याच. तुम्हाला कुणी हात धरून अडवणार नाही, जायचं की नाही ते तुम्हीच ठरवायचं.

तांबडी_माती
एवढे डॉलर कशाला? लडाखमध्ये मारखा खोरं करा. तेही वाळवंट, तीही घळ, रात्री गावातल्या घरात जेवण आणि गादी. पाठीवर तंबूसुद्धा नको.

वाळवंटी_काठ
@तांबडी_माती, मारखा छानच आहे, पण शेवटची खिंड पाच हजार मीटरच्या वर आहे. समुद्रसपाटीवरून थेट जाणाऱ्या गोव्याच्या माणसाला त्याची वेगळी तयारी लागते. शिवाय यांचा भाचा फिनिक्सला आहे, लेहला नाही.

फोंड्याचा_भटक्या
जुलै रद्द, पटलं. दादा, पाणी आणि बूट याबद्दल जरा सविस्तर सांगाल? आणि भाचा बकस्किन गल्च या बाजूच्या घळीतून शिरू म्हणतोय.

वाळवंटी_काठ
बकस्किन पहिल्या खेपेला नको. वीसेक किलोमीटर अरुंद चिरेतून चालायचं, उन्हाचं तोंड न बघितलेली थंडगार डबकी, आणि शेवटाकडे दगडांची रास दोर लावून उतरायची. पन्नाशीच्या गुडघ्यांना व्हाइट हाउस बरं.

पाणी: नदीचं पाणी म्हणजे पातळ चिखल. फिल्टर दहा मिनिटांत तुंबतो. आम्ही घडीची बादली आणि आईच्या देवळीतला तुरटीचा खडा नेला होता. संध्याकाळी बादली भरायची, खडा दोन-चार वेळा फिरवायचा, झोपायचं. सकाळी तळाशी चार बोटं गाळ आणि वर नितळ पाणी. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की आपल्या घरी हेच करतात. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, त्यामुळे नंतर फिल्टर लागतोच. वाटेत झरे आहेत, बिग स्प्रिंग त्यातला मोठा. साधारण २५ व्या मैलावरच्या झऱ्याचं तर नावच 'शेवटचा भरवशाचा झरा' या अर्थाचं आहे. तिथे प्रत्येकी पाच लिटर भरा. पुढे घळ रुंदावते, सावली संपते आणि वीस किलोमीटर नुसतं ऊन.

बूट: चामड्याचे अजिबात नकोत. दिवसभरात नदी किती वेळा ओलांडली ते आम्ही पहिल्याच दिवशी मोजायचं सोडलं. पाणी निथळून जाणारे जाळीचे बूट घ्या. आत बारीक वाळू जाते आणि ती कातडी सोलते. लावणीच्या दिवसांत बायांच्या पायांना होतात तशा चिखल्या मला दुसऱ्याच रात्री झाल्या. मुलीला नाही झाल्या, कारण ती तंबूत शिरली की पाय पुसून व्हॅसलीन चोपडायची आणि कोरडे मोजे घालायची. ते मोजे फक्त झोपेसाठी. ओले होऊ द्यायचे नाहीत, मरण आलं तरी.

कुठे कुठे रुतणारी वाळू आहे. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतातल्या, चिखलासारखीच, घाबरून ओढलात तर बूट आत राहतो. पाय हलवत हलवत सावकाश काढायचा.

आमची फजिती पण ऐका. गाडी लीज फेरीला ठेवून तिथून भाड्याच्या गाडीने व्हाइट हाउसला जायचं ठरलं होतं. ड्रायव्हर म्हणाला सकाळी सहा. तो युटाचा, त्याचे सहा म्हणजे ॲरिझोनाचे पाच, कारण उन्हाळ्यात युटाची घड्याळं एक तास पुढे असतात. आम्ही सहाला ऐटीत पोचलो, तर तो तासभर वाट बघून निघून गेलेला. वेळ ठरवताना कुठल्या राज्याची ते विचारा.

माशेलची_ताई
परवाना आधी मिळवा, मग विमानाचं तिकीट. मुक्कामाने जाणाऱ्या फक्त २० जणांना रोज सोडतात. शेकोटीला बंदी आहे. आणि स्वतःची घाण पिशवीत बांधून शेवटपर्यंत पाठीवर वाहायची. हो, तीच. आमच्या ह्यांनी हे ऐकून ट्रिपच रद्द केली होती.

घळीत फोन लागत नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र लागेल. ते तिथेच भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. विकत घेऊन आणू नका. आपल्याकडे विनापरवाना ते बाळगणं गुन्हा आहे, आणि असं यंत्र सापडलं म्हणून गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अडवल्याच्या बातम्या आपण वाचल्यात.

खाण्यात चोरीस (आपली गोव्याची डुकराच्या मांसाची सॉसेज) नेऊ नका, मांसाचा कुठलाही पदार्थ जप्त होतो. शेंगदाण्याची चिक्की, सातू, मेतकूट चालेल, पण विचारलं की सगळं सांगा. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तिथेच घ्यायचा.

फोंड्याचा_भटक्या
ताई, दादा, आभार. भाच्याला आत्ताच फोन केला. ऑक्टोबरवर तयार झाला, थोडा फुरंगटून. डिसेंबरपासून दर रविवारी बारा किलोची पिशवी घेऊन ओल्या बुटांनी चालायचं ठरवलंय. तुरटी मात्र सलूनवाल्याकडे असते तीच चालेल ना?

वाळवंटी_काठ
तीच. न वापरलेली मागा.