फसलेले टेक जपून ठेवा

फिल्म बनवताना काय केलं आणि का केलं, याचं आत्मपरीक्षण लिहायचं असेल तर काही जण म्हणतात, "फिल्म पूर्ण झाली की मग निवांत बसून लिहू." मला हे नाही पटत. तोवर निम्म्या गोष्टी विसरलेल्या असतात आणि उरलेल्या आपण सोयीने रंगवतो. पटकथेचे खर्डे, शॉटची यादी, एडिटिंगच्या टाइमलाइनचे स्क्रीनशॉट, सगळं तारीख टाकून ठेवा. बाद टेक, म्हणजे एखाद्या शॉटचे फसलेले प्रयत्न, तर नक्कीच.

आमच्या फिल्ममध्ये दोघं समोरासमोर बसून भांडतात. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी कॅमेरा नकळत 180 अंशांच्या रेषेपलीकडे (दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा; कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो) गेला आणि एडिटिंगला बसल्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसले. भांडण गेलं उडत! शेवटी टेबलावरच्या कपाचा क्लोजअप मध्ये घालून वेळ निभावली. माझं निम्मं लेखन त्या कपावरच आहे: चूक कशी झाली, दुसरे पर्याय कोणते होते, हाच का घेतला.

आत्मपरीक्षणाचं स्वरूप नंतर ठरवा. व्हिडिओ निबंधात फसलेला आणि सुधारलेला असे दोन्ही कट शेजारी शेजारी दाखवता येतात. डायरी वाचायला छान वाटते, पण तिच्यात "मग आम्ही हे केलं, मग ते केलं" एवढंच उरतं बऱ्याचदा.