मदत हवी आहे: एअर रायफलचे छर्रे २५ मीटरवर विखुरतात, कोणते घेऊ?

मोहाडीकर_७
डोकं फिरायची वेळ आलीय. दहा मीटरवर सगळे छर्रे एका जागी बसतात, पण २५ मीटरवर गेलं की तळहाताएवढा पसारा. दुकानदार म्हणतो टोकदार घ्या, आत घुसतात. यूट्यूबवर सांगतात जड घ्या. उद्या नाशिकला चक्कर आहे, एकाच फेरीत काम उरकायचंय. कोणते आणू ते पटकन सांगा.

सातपूरकर
भाऊ, रायफल कोणती? स्प्रिंगची की पीसीपी (टाकीत आधीच दाबाची हवा भरलेली)? स्कोप आहे की लोखंडी साइट? सध्याचे छर्रे चपटे, गोल की टोकदार? यातलं काहीच न सांगता छर्रा कसा सुचवायचा?

मोहाडीकर_७
स्प्रिंगची, नळी मोडून भरायची. पॉइंट १७७, म्हणजे ४.५ मिमी. देशी आहे. ३-९ चा, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारा स्कोप आहे. छर्रे चपट्या तोंडाचे, दुकानात होते ते घेतले. आता सांगा.

नेमबाज_गंगापूररोड
अर्धं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. चपट्या तोंडाचा छर्रा १० मीटरच्या कागदी टार्गेटसाठी असतो. कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं म्हणून गुण मोजायला सोपं जातं. पण सपाट तोंडाला हवेचा अडथळा जास्त. वेग लवकर उतरतो, २० मीटरच्या पुढे छर्रा डुलायला लागतो आणि वाऱ्याची झुळूकही त्याला ढकलते. २५ मीटरला गोल डोक्याचाच घ्या.

टोकदार घेऊ नका. टोक अगदी मधोमध यावं लागतं, ते साच्यात जरा सरकलं किंवा डब्यात आपटून वाकलं की छर्रा भरकटतो. कागदावर किंवा डब्यावर जास्त घुसण्याचा फायदाही काही नाही.

वजन मध्यम ठेवा, ०.५१ ते ०.५६ ग्रॅम. जेएसबी एक्झॅक्ट ४.५२ येतो ०.५४७ ग्रॅमचा, एच अँड एन फील्ड टार्गेट ट्रॉफी ०.५६ चा. ०.६७ वाले जड छर्रे मध्यम ताकदीच्या स्प्रिंगला पेलत नाहीत. छर्रा नळीत उशिरा हलतो, पुढची हवा दाबली जाऊन पिस्टन उसळून मागे येतो, वेगही जातो आणि नेमही. फार हलका घेतला तर उलटं, पिस्टनला गादी मिळत नाही आणि तो थेट पुढे आदळतो. त्यात सील आणि स्प्रिंग दोन्ही लवकर जातात.

पंचवटी_पॉइंट२२
पॉइंट १७७ च्या नादीच कशाला लागता? पॉइंट २२ घ्या. छर्रा मोठा आणि जड, वाऱ्याला दाद देत नाही. माझं तरी हेच मत आहे आणि ते बदलणार नाही.

नेमबाज_गंगापूररोड
मत ठेवा, पण नियमही सांगा. आपल्याकडे ४.५ मिमीपेक्षा मोठी नळी किंवा २० जूलपेक्षा जास्त ताकद असेल तर परवाना लागतो, शस्त्र नियम २०१६ पाहा. पॉइंट २२ म्हणजे ५.५ मिमी. नवख्या माणसाला सरसकट सल्ला देऊन त्याला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारायला लावू नका. शिवाय सारख्याच ताकदीला पॉइंट १७७ चा मार्ग जास्त सपाट. अंतराचा अंदाज पाच मीटरने चुकला तरी फारसा फरक पडत नाही.

पंचवटी_पॉइंट२२
परवाना काढणारे काढतातच की.

सातपूरकर
छर्रे बदलण्याआधी रायफल तपासा, नाहीतर महागडा डबाही वाया जाईल.

दस्त्याचे स्क्रू पाहा. पुढच्या बाजूला दोन्हीकडे एकेक आणि ट्रिगर गार्डचे. स्प्रिंगच्या धक्क्याने ते हमखास ढिले होतात. नळी जिथे मोडते तिथला बोल्टही पाहा. नळी उघडून डावी-उजवीकडे हलवली तर अजिबात खुळखुळता कामा नये.

नळीच्या मागच्या तोंडाशी जी सील असते तिच्याजवळ टिश्यूचा बारीक तुकडा धरा आणि छर्रा भरून झाडा. तुकडा उडाला तर हवा गळतेय. रिकामी रायफल मात्र झाडू नका, पिस्टन आपटतो.

मग स्कोप. माउंटचे स्क्रू घट्ट आहेत का आणि माउंट मागे सरकलाय का ते बघा. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, पुढचा झटका माउंटला पट्टीवरून मागे सरकवतो. म्हणून स्टॉप पिन खाचेत बसलेली हवी. आणखी एक, साध्या ३-९ स्कोपचं पॅरालॅक्स बहुधा १०० यार्डाला बांधलेलं असतं. २५ मीटरवर डोळा किंचित हलला की क्रॉस टार्गेटवर सरकतो. गाल दस्त्यावर दर वेळी एकाच जागी टेकवा, किंवा पुढची काच फिरवून १० मीटरपर्यंत आणता येणारा स्कोप घ्या.

सिडको_कट्टा
आणि रायफल धरता कशी? नळी किंवा दस्ता कठीण वस्तूवर टेकवलात तर स्प्रिंगची रायफल उसळते. तळहात उघडा ठेवा, दस्ता त्यावर नुसता विसावू द्या, आवळू नका. हाताखाली वाळूची पिशवी चालेल, रायफलखाली नको.

मोहाडीकर_७
स्क्रू खरंच ढिले होते, आवळले. बाकी ठीक दिसतंय. पण डबे-कागद मला फोडायचे नाहीत. नव्या लागवडीत ससे घुसतात, डॉगरीजचे (द्राक्षाच्या खुंटाचे) कोंब रोज रात्री छाटून ठेवतात. २५ मीटरवरून सशाला पुरेल असा छर्रा सांगा.

वनमित्र_हरसूल
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. आपल्याकडचा काळ्या मानेचा ससा हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. शेत तुमचं आहे म्हणून त्याला मारता येत नाही. छर्ऱ्याने मारला काय किंवा फास लावून मारला काय, गुन्हा तोच. पिकाच्या नुकसानीसाठी परवानगीची तरतूद कलम ११ मध्ये आहे, पण ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारीच लेखी देतो. ती हातात नसताना बंदूक घेऊन बांधावर जाऊ नका.

लीड्सहून_निफाडकर
इकडे इंग्लंडमध्ये एअर रायफलने ससे मारतात, म्हणून छर्ऱ्याचं उत्तर देतो. इथे १२ फूट-पाउंडपर्यंत, म्हणजे सुमारे १६.३ जूल, सर्टिफिकेट लागत नाही. जमीनमालकाची परवानगी लागते. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून सर्टिफिकेट लागतं. छर्रा गोल डोक्याचाच. नेम फक्त डोक्यावर, डोळा आणि कानाच्या मधला इंचभर भाग. ज्या अंतरावर दहाच्या दहा छर्रे इंचाच्या आत बसत नाहीत त्या अंतरावरून कोणी चाप ओढू नये, जनावर जखमी होऊन बिळात जातं आणि तडफडून मरतं. बहुतेक जण ३०-३५ यार्डाच्या पुढे जात नाहीत. तळहाताएवढा पसारा असलेली रायफल इथेही सशावर कोणी रोखणार नाही.

वनमित्र_हरसूल
तिकडचा ससा वेगळा, कळपाने बिळं करून राहणारा. तिथल्या कायद्याने शेतकऱ्यावरच त्याला आटोक्यात ठेवायची जबाबदारी टाकलीय. आपला ससा बीळ खोदत नाही, गवतात खळगा करून बसतो. तिकडचं गणित इकडे लावू नका. आणि दिंडोरी-निफाडच्या बागांत बिबट्या आहे. रात्री टॉर्च घेऊन सशामागे वाकून फिरणं जिवावर बेतेल.

बागायतदार_पिंपळगाव
कोंबांचा काप पाहिलात का? सशाचा काप तिरका आणि स्वच्छ, चाकूने मारल्यासारखा असतो. काप जमिनीपासून दोन फुटांच्या आतच असेल आणि आसपास गोल, कोरड्या लेंड्या असतील तर ससाच. साल खरवडल्यासारखी दिसली तर उंदीर-घुशीचा संशय घ्या. नुकसान ससाच करतोय ही खात्री आधी करा.

ओझर_जुने
फोरेट कीटकनाशकाच्या पुड्या फडक्यात बांधून कडेने टांगा, वासाने जवळ येत नाही.

बागायतदार_पिंपळगाव
काका, फोरेटवर २०२० च्या अखेरपासून बंदी आहे आणि ते माणसालाही मारतं. छाटणीला बायामाणसं बागेत असतात, कुत्री असतात. असले सल्ले देऊ नका.

पंचवटी_पॉइंट२२
झटका मशीन लावा मग.

बागायतदार_पिंपळगाव
झटका डुकराला. ससा खालच्या तारेखालून जातो, आणि तार चार इंचावर आणली की गवत टेकून करंट जमिनीत उतरतो.

सशाला जाळीच. कोंबडीची षटकोनी जाळी, भोक सव्वा इंचापेक्षा मोठं नको, रुंदी ४ फूट. तीन फूट वर उभी, सहा इंच जमिनीत आणि उरलेली सहा इंच खालीच बाहेरच्या बाजूला वळवून मातीने झाका. ससा जाळीच्या पायाशीच उकरतो आणि त्या वळलेल्या पट्टीवर अडतो. सरळ पुरली तर खालून वाट काढतो, आतल्या बाजूला वळवली तर काही उपयोग नाही. चौकोनी एकराला घेर साधारण २५५ मीटर, दर तीन मीटरला खांब धरला तर ८५ खांब. वर आणि मध्ये एकेक ताणाची तार, नाहीतर जाळी पोट काढते.

पैसे वाचवायचे असतील तर प्रत्येक रोपाला आवरण. चार इंची जुन्या पीव्हीसी पाइपचे दोन फुटांचे तुकडे, उभे चिरून, बांबूला बांधून. चिरलेले यासाठी की कलम करताना काढता येतात. ९ बाय ५ फुटांच्या लागवडीत एकरी ९६८ रोपं होतात, त्यामुळे हिशोब करून ठरवा, मोठ्या प्लॉटला जाळीच स्वस्त पडते. उन्हाळ्यात काळा पाइप आतून तापतो, पांढरा घ्या.

नेमबाज_गंगापूररोड
रायफल कागदापुरती ठेवायची असेल तर उद्या दोन वेगळ्या गोल छर्ऱ्यांचे छोटे डबे आणा, एकाच प्रकारचा मोठा नको. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, डोक्याचा व्यास ४.५१ की ४.५२ यानेही ग्रुप, म्हणजे कागदावरचा छर्ऱ्यांचा पसारा, बदलतो. छर्रा बदलल्यावर पहिले वीसेक छर्रे मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. नंतर दहाचे ग्रुप घ्या, पाचचा ग्रुप फसवतो. वाकलेल्या स्कर्टचे (मागच्या पातळ कडेचे) छर्रे आधीच बाजूला काढा. काचेवर लोळवले की खराब छर्रा लगेच कळतो, तो उड्या मारत जातो. आणि टार्गेटमागे दगड किंवा पत्रा नको, शिसं उलटून येतं. जुन्या वर्तमानपत्रांचा जाड गठ्ठा खोक्यात घट्ट भरा. छर्रे हाताळल्यावर हात धुवा.

लीड्सहून_निफाडकर
स्कोप नळीपासून चार सेंमी उंच असेल आणि वेग २०० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, तर १० मीटरला झिरो केलेला (स्कोपचा नेम जुळवलेला) छर्रा २५ मीटरलाही जवळपास नेमावरच पडतो. मधल्या अंतरात थोडा वर जातो. झिरो करताना हे उपयोगी पडेल.

मोहाडीकर_७
जाळीचं पटलं. आज बांधावर लेंड्या पाहिल्या, ससाच आहे. छर्रे गोल घेतो, कागदासाठीच. ट्रॅक्टरच्या गेटचं काय करायचं? तिथे जाळी पुरता येत नाही.

बागायतदार_पिंपळगाव
गेटखाली फरशी किंवा सिमेंटची पट्टी टाका, गेट आणि पट्टीत दोन इंचापेक्षा जास्त फट ठेवू नका. गेटच्या खालच्या दोन फुटांना तीच जाळी आतून बांधा. ट्रॅक्टरच्या चाकाने माती खचली की फट वाढते, पावसाळ्यानंतर ती पुन्हा मोजा. गेट संध्याकाळी दिवस मावळायच्या आत लावा, ससा अंधार पडला की बाहेर पडतो.