एकाच नावाची माणसं: तुमचा अनुभव लिहा

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. तिन्ही मुलांनी तेच ठेवलं की एका घरात तीन दत्तात्रय. मग मोठा दत्तू, धाकटा दत्तू, पुण्याचा दत्तू. चारचौघांसारखं नाव घेऊन जगलेल्यांनी इथे लिहा. गंमत तर सांगाच, पण त्या नावामुळे काय अडलं तेही सांगा.

परिचारिका, सोलापूर
आमच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन सुनीता होत्या, आडनावही एकच. एकीला इन्सुलिन चालू, दुसरीला साखरेचा त्रासच नाही. तेव्हा मोठ्या सिस्टरांनी शिकवलेलं मी आजही नव्या मुलींना सांगते. ‘तुम्ही सुनीताबाई ना?’ असं विचारायचं नाही. तापात, गुंगीत माणूस कशालाही मान हलवतो. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणायचं, त्यांच्या तोंडून ऐकायचं, मनगटावरच्या पट्टीचा नंबर केसपेपरशी जुळवायचा, मगच सुई हातात घ्यायची. नातेवाईक वैतागतात, ‘अहो, किती वेळा तेच विचारता?’ विचारणारच. प्रत्येक वेळी विचारणार.

सचिन, नाशिक
माझा जन्म १९७० चा, तेंडुलकरच्या आधीचा. वडिलांना सचिनदेव बर्मन यांची गाणी जीव की प्राण, म्हणून हे नाव. तेंडुलकरचं नावही त्यांच्यावरूनच ठेवलंय हे पुढे वाचलं, तेव्हा फार बरं वाटलं. १९९८ च्या शारजानंतर मात्र नाव सांगितलं की पुढचा प्रश्न क्रिकेटचाच. आता ऑफिसात माझ्या हाताखाली दोन सचिन आहेत, दोघंही त्यानंतर जन्मलेले. त्यांना मी बर्मनदांची गाणी ऐकवतो.

शिक्षक, पेण
२०१४ च्या लोकसभेला रायगडमधून सुनील तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच यादीत सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष होता आणि त्याला नऊ हजारांवर मतं मिळाली. पक्ष कुठलाही असो, मतदाराचं मत त्याला हव्या त्या माणसालाच पोचलं पाहिजे. पुढच्या वर्षी निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो छापायचं ठरवलं, हे फार चांगलं केलं.

पोस्टमन, अलिबाग तालुका
निम्मं गाव म्हात्रे, उरलेलं पाटील. पत्त्यावर वडिलांचं नाव हवंच. तेही जुळलं तर आळी विचारतो.

वारकरी, बीड
वारीत माणूस चुकला की तळावर लाऊडस्पीकरवरून पुकारतात. ‘पांडुरंग, लवकर या’ एवढंच पुकारलं तर कितीतरी पांडुरंग धावत येतील. गाव, तालुका, दिंडीचा नंबर, आणि ती रथापुढची की रथामागची, सगळं सांगावं लागतं. म्हाताऱ्या माणसांच्या खिशात ही चिठ्ठी घरून निघतानाच ठेवा.

गृहिणी, सांगली
माझं माहेरचं नाव मंगल. मोठ्या जाऊबाईंचंही मंगल. एका घरात दोन मंगल नकोत म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने ‘वैशाली’ लिहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर मंगल, रेशनकार्डावर वैशाली. वडिलांच्या जमिनीला वारस म्हणून नाव लावायला गेले, तर त्यांची मुलगी मीच हे सिद्ध करायची वेळ आली. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नावबदल छापून आणला. या सगळ्या काळात जाऊबाई माझ्यासोबत येत राहिल्या. घरात कुणी नसलं की त्याच मला ‘मंगल’ म्हणून हाक मारायच्या.

आमच्या सूनबाईचं नाव आम्ही बदललं नाही, मीच बदलू दिलं नाही. नात झाली ती १ मे २०२४ नंतर, त्यामुळे नव्या नियमाप्रमाणे तिच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं. तिथे सूनबाईचं माहेरचंच नाव लागलंय.