मदत हवी आहे: कोचीत क्रूझ थांबते तो दिवस निवांत कसा घालवावा?

नमस्कार ठाणेकर मंडळी. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन मुंबईहून क्रूझने निघतोय. दोघंही सत्तरी पार, त्यात आईचे गुडघे कुरकुरतात. शनिवारी सकाळी बोट कोचीला लागेल, संध्याकाळी पाचच्या आत परत चढायचं. क्रूझवाल्यांची बस नको. पळापळ करून सहा ठिकाणं 'उरकायची' आणि शेवटी मसाल्याच्या दुकानात नेऊन बसवायचं, कशाला?

त्यापेक्षा फोर्ट कोचीतच रमावं म्हणतो. किनाऱ्यावरची चिनी जाळी बाबांना बघायचीच आहेत. दगड बांधलेले दोर चार-पाच जण मिळून ओढतात, मग ते अवाढव्य जाळं पाण्यातून वर येतं. तलावपाळीवर बसतो तसं तिथे तासभर बसायचं. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च, १५२४ साली वास्को द गामाला आधी तिथेच पुरलं होतं. मट्टनचेरीचं १५६८चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद, म्हणून बाद.

आता विचारायचं ते: क्रूझ लागते त्या विलिंग्डन बेटावरून रिक्षा दिवसभरासाठी ठरवावी का, साधारण किती घेतात? फेरीबोटीने जायचं तर चढउतार आईला जमेल का? बाबांना करीमीन मासा हवाय, आई शुद्ध शाकाहारी. दोघांचं एकाच ठिकाणी भागेल असं हॉटेल? आणि दुपारी तासभर पाठ टेकायला खोली मिळते का?