बैठे काम आणि पायांतील रक्तप्रवाह : ‘दर तासाला उठा’ या सल्ल्यामागे नेमके कोणते संशोधन आहे?

खाडीपलीकडे (ठाणे)

नमस्कार. मी ठाण्यात राहतो आणि ऐरोलीतील एका आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. काम पूर्णपणे बैठे आहे, आणि ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याहूनच सुटत असल्याने बहुधा जागा मिळते, म्हणजे प्रवासही बसूनच होतो. नुकतेच आमच्या कार्यालयात आरोग्यावर एक व्याख्यान झाले. सलग बसल्याने पायांतील रक्ताभिसरण मंदावते, म्हणून दर तासाला उठून पाच मिनिटे चालावे, असे वक्त्यांनी सांगितले. सल्ला सोपा आहे आणि तो पाळायला माझी हरकत नाही. परंतु बसलेल्या माणसाचे हृदयही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतच असते. मग पायांतच ते मंदावण्याचे कारण काय? हे कोणी प्रत्यक्ष मोजले आहे का, आणि मोजले असल्यास कशाने? शिवाय आमच्याकडे काही जणांनी उंच मेज घेऊन उभ्याने काम सुरू केले आहे. तेवढ्याने भागते का? मला स्वतःला पायांची कोणतीही तक्रार नाही. औषधोपचार नको आहेत, केवळ कारणमीमांसा समजून घ्यायची आहे.

नौपाडेकर

मी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे. आपल्या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करतो. हृदयाकडून पायाकडे रक्त नेतात त्या रोहिण्या आणि पायाकडून हृदयाकडे आणतात त्या नीला. सलग बसण्याचा परिणाम दोन्हींवर होतो. मात्र कारणे वेगळी आहेत आणि त्यांचा अभ्यासही वेगवेगळ्या काळात झाला.

आधी परतीच्या वाटेचे पाहू. हृदयाने दिलेला दाब केशवाहिन्या ओलांडेपर्यंत जवळजवळ संपलेला असतो. तरीही स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेतील दाब मोजला, तर तो पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत भरतो. हा दाब घोट्यापासून हृदयापर्यंत उभ्या असलेल्या रक्ताच्या वजनाचा असतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच तो ३०च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो, कारण पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना त्यांच्या आतील खोल नीला पिळल्या जातात, त्यांतले रक्त वर सरकते आणि नीलांमधील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. खुर्चीत बसल्यावर हा रक्ताचा स्तंभ उभ्या माणसापेक्षा कमी उंचीचा असतो हे खरे, पण पोटरी जवळजवळ निष्क्रिय असल्यामुळे रक्त वर ढकलण्याची ही व्यवस्थाच बंद पडते. संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर उमटतो तो यामुळेच.

या झडपांचे सविस्तर वर्णन इटलीतील पादुआ येथील शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये प्रसिद्ध केले, परंतु हातापायांकडे वाहणाऱ्या रक्ताचा वेग आवरणे हे त्यांचे काम असावे, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वी यांनी १६२८ च्या ग्रंथात त्या झडपांचा खरा अर्थ लावला. दंडाला पट्टी बांधली की हाताच्या नीला फुगतात. त्यातील एकीवर बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने आतले रक्त वरच्या झडपेपलीकडे सारावे, म्हणजे मधला भाग रिकामा होतो आणि खालचे बोट उचलेपर्यंत रिकामाच राहतो. रक्त हृदयाच्याच दिशेने जाते, हे यावरून उघड दिसते. हार्वी यांचा प्रयोग कोणालाही स्वतःच्या हातावर करून पाहता येतो. माझ्या वर्गात तो झाल्याखेरीज मी फळ्यावर रक्ताभिसरणाची आकृती काढत नसे.

आता रोहिण्यांकडे वळू. पाच लिटरचा आपला हिशेब बरोबर आहे, पण ते पाच लिटर अवयवांत कसे वाटले जातात हे गरजेवर ठरते. बसल्यावर पायांच्या स्नायूंची प्राणवायूची मागणी घटते, त्यामुळे त्यांच्याकडे जाणाऱ्या सूक्ष्म रोहिण्या आकसतात आणि पायांचा वाटा कमी होतो. इथपर्यंत यात काही बिघाड नाही. ही शरीराची काटकसर आहे. प्रश्न येतो तो रोहिणीच्या आतल्या पातळ पेशीथराचा. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर दाखवून दिले की अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन दिल्यावर रोहिणी सैलावते, पण हा थर खरवडला गेलेला असेल तर सैलावत नाही. म्हणजे सैलावण्याचा निरोप त्या थरातून निघतो. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळाले. तो तयार होण्यास एक महत्त्वाचे निमित्त असते वाहत्या रक्ताच्या भिंतीवरील घर्षणाचे. प्रवाह क्षीण झाला की घर्षण घटते आणि नायट्रिक ऑक्साइडची निर्मितीही घटते. बैठ्या कामावरचे अलीकडचे बरेच प्रयोग या एका धाग्याचा पाठपुरावा करणारे आहेत.

रबाळे_यांत्रिकी

वरील उत्तर उत्तम आहे. त्यात फ्रेंच वैद्य पॉयझय यांच्या नियमाची भर घालतो. अरुंद नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, हे त्यांनी १८४० च्या दशकात काचेच्या बारीक नळ्यांवर मोजून मांडले होते. त्रिज्या दहा टक्के वाढली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सुमारे ४६ टक्के वाढतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे बसून मांडीतील रोहिणी थोडी जरी आकसली, तरी पायाचा रक्तपुरवठा किती घटत असेल याचा अंदाज करावा.

ध्वनिलहरी (वाशी)

मी वाशीत डॉप्लर सोनोग्राफी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाची तपासणी) करते. रबाळे_यांत्रिकी यांचे गणित बिनचूक आहे, पण ते चुकीच्या नळीला लावले गेले आहे. मांडीतील किंवा गुडघ्यामागील मोठ्या रोहिणीचा प्रवाहाला होणारा रोध फारच थोडा असतो. बहुतेक रोध त्यापुढच्या सूक्ष्म रोहिण्यांत असतो. चौथ्या घाताचा नियम तिथे जाणवतो. निरोगी माणसाच्या मोठ्या रोहिणीचा व्यास दोन-चार टक्क्यांनी बदलला म्हणून पायाचा रक्तपुरवठा ठरत नाही. तरीही संशोधक तोच व्यास मोजतात, कारण त्यावरून आतल्या पेशीथराची तब्येत कळते.

मोजण्याची पद्धत अशी आहे. सोनोग्राफीने रोहिणीचा व्यास आणि डॉप्लरने रक्ताचा वेग नोंदवतात. मग रक्तदाबाच्या पट्ट्यासारखा पट्टा फुगवून पाच मिनिटे रक्त अडवतात आणि एकदम सोडतात. सुटलेल्या रक्ताच्या लोंढ्याने घर्षण वाढते, थर निरोगी असेल तर नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि मिनिटभरात रोहिणी काही टक्के रुंदावते. डेव्हिड सेलर्मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत मांडली. पट्टा न टोचता बांधता येत असल्यामुळे ती निरोगी लोकांवरही वापरता येऊ लागली. काम मात्र दिसते तितके सोपे नाही, कारण काही मिलिमीटरच्या रोहिणीतील टक्क्यांचा फरक टिपायचा म्हणजे हात जरासा हलला तरी आकडा बिघडतो.

श्री. खाडीपलीकडे यांच्या ‘तासाच्या’ प्रश्नाचे उत्तर बव्हंशी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील एका प्रयोगात आहे. २०१५ च्या सुमारास सौरभ थोसर आणि सहकाऱ्यांनी दहा-बारा निरोगी तरुण पुरुषांना एका दिवशी सलग तीन तास बसवले आणि दुसऱ्या दिवशी त्याच तीन तासांत दर तासाला पाच मिनिटे संथ गतीने चालवले. सलग बसलेल्या दिवशी मांडीतील रोहिणीची रुंदावण्याची क्षमता पहिल्याच तासात घसरली. चालण्याच्या दिवशी ती घसरण दिसली नाही. मिसूरी विद्यापीठात २०१६ मध्ये झालेला दुसरा प्रयोग मला अधिक मजेदार वाटतो. अकरा तरुणांना तीन तास बसवून त्यांना एकच पाय एक मिनिट हलवायचा आणि चार मिनिटे स्थिर ठेवायचा, असे सांगितले होते. स्थिर पायातील रोहिणीची क्षमता घटली, हलवलेल्या पायातील सुधारली. बसल्या बसल्या पाय हलवू नये, ते दारिद्र्याचे लक्षण असते, असे बजावणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोण सांगणार!

मात्र या प्रयोगांतून काय सिद्ध होते आणि काय नाही, हे नीट पाहावे. सहभागी थोडे होते, तरुण होते, निरोगी होते, आणि मोजमाप काही तासांचे होते. घसरलेली क्षमता चालल्यावर पूर्ववत होते, असेही दिसले आहे. २०१५ च्या एका अभ्यासात सहा तास बसल्यानंतर दहा मिनिटांचे चालणे त्यासाठी पुरले. वर्षानुवर्षे रोज होणाऱ्या या चढउतारातून पुढे रोहिणी कठीण होतात किंवा हृदयविकार होतो, हे अशा छोट्या प्रयोगांवरून ठरवता येत नाही. शिवाय ‘एक तास’ ही सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही; प्रयोगकर्त्यांनी सोयीसाठी निवडलेले ते अंतर आहे. पन्नास मिनिटांनी उठलात किंवा सत्तर मिनिटांनी, तरी चालेल. व्याख्यानांत हा फरक बहुधा सांगितला जात नाही, आणि मग लोक मोबाइलवर गजर लावून बसतात.

कोपरीची_सिस्टर

उभ्याने काम करण्याबद्दल थोडक्यात. मी रुग्णालयात परिचारिका आहे. शस्त्रक्रियागृहात तासन्‌तास एका जागी उभे राहावे लागते, आणि आमच्यापैकी अनेकींना व्हेरिकोज व्हेन्सचा (पायांतील नीला फुगून वेड्यावाकड्या होण्याचा) त्रास आहे. नौपाडेकर सरांनी दिलेला ८०-९० चा आकडा नेमका स्तब्ध उभ्या माणसाचा आहे, म्हणजे नीलांच्या बाबतीत ती सर्वांत वाईट अवस्था. उंच मेज घेतले असेल तर वजन या पायावरून त्या पायावर घेत राहावे, टाचा उचलाव्यात, आणि मधूनमधून खुशाल बसावे.

खाडीपलीकडे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘मंदावणे’ हा शब्द व्याख्यानात किती सैलपणे वापरला गेला होता, ते आता लक्षात आले. एकच पुरवणी प्रश्न आहे. गणपतीला आम्ही खोपट आगारातून एसटीने कोकणात जातो. महामार्गावरील कोंडीमुळे प्रवास दहा-बारा तासांचा होतो आणि बरोबर माझी सत्तरीतील आई असते. विमानप्रवासात पायात गुठळी होते असे ऐकले आहे. बसच्या प्रवासातही तो धोका असतो का?

ध्वनिलहरी (वाशी)

असतो, कारण विमान हे त्यामागचे मुख्य कारणच नाही. लंडनवर १९४० मध्ये बॉम्बवर्षाव होत असताना लोक आश्रयगृहांत रात्ररात्र खुर्च्यांत बसून काढत, आणि त्या काळात फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढल्याचे कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले. खुर्चीची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतल्याने नीला दाबल्या जातात, हे त्यांनी कारण म्हणून मांडले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून अधिक प्रवासात, मग तो विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा किंवा मोटारीचा, नीलांत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. तरी निरोगी व्यक्तीत तो सहा हजारांत एक इतकाच राहतो, त्यामुळे घाबरून गावी जाणे रद्द करू नये.

आपल्या आईंचे वय पाहता थोडी अधिक काळजी घ्यावी. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, पूर्वी गुठळी झाली असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील किंवा हार्मोनच्या गोळ्या असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; दाब देणारे मोजे किंवा औषध घ्यायचे की नाही हे त्यांनीच ठरवायचे. एरवी बस जेवणासाठी थांबेल तेव्हा खाली उतरून चालावे, आणि आसनावर बसूनही टाच टेकवून चवडा वर, मग चवडा टेकवून टाच वर, असे अधूनमधून करावे. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून आपल्याकडच्या बायका पाणीच पीत नाहीत. ते मात्र त्यांना करू देऊ नका. गावी पोचल्यावर दोन्ही पाय सारखेच सुजलेले दिसले तर बहुधा रात्रीत उतरतील. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तिथली त्वचा गरम किंवा लालसर वाटली, तर मालीश अजिबात करू नये आणि त्याच दिवशी डॉप्लर करून घ्यावे. त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर डॉप्लरचीही वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.