मदत हवी आहे : मसावि काढताना ८९ आणि ५५ एवढे का रेंगाळतात?

मुलीला मसावि काढायची युक्लिडची रीत शिकवतोय. मोठ्या संख्येला लहानीने भागा, मग लहानीला बाकीने, बाकी शून्य येईपर्यंत. १०७१ आणि ४६२ तीन भागाकारांत संपले, मसावि २१. मग तिने स्वतःहून ८९ आणि ५५ घेतले आणि वहीचं पान भरलं. तब्बल नऊ भागाकार! शेवटचा सोडला तर दर वेळी भाग एकदाच जातो आणि बाकी ३४, २१, १३, ८... अशी फिबोनाचीच्या (जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोनांची बेरीज असते त्या मालिकेच्या) पायऱ्या उतरते. तिने विचारलं, "बाबा, ९० आणि ५५ ला पाचच का?"

बीजगणित न वापरता हे तिला कसं पटवू? चौकटीच्या कागदावर आयतातून चौरस कापत गेलो तर दिसेल का? कुणी असं शिकवलं असेल तर नक्की सांगा. पुढे तिला आर्यभटाच्या कुट्टकापर्यंत (समीकरणांची पूर्णांक उत्तरं शोधायच्या रीतीपर्यंत) न्यायचंय, तिथेही हेच भागाकार आहेत.