'फोर्स्ड लँडिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: एक इंजिनाच्या छोट्या खासगी विमानांचे अपघात-अहवाल मराठीत आणतोय. 'फोर्स्ड लँडिंग'ला 'सक्तीचे अवतरण' लिहिलं, पण खटकतंय. बातम्यांत तर सरसकट 'आपत्कालीन लँडिंग' असतं. जाणकारांनी सुचवावं.

उत्तर: खटकणारच. मराठीत सक्ती म्हटली की ती करणारा कुणीतरी लागतो. लढाऊ विमानांनी घेरून एखादं विमान खाली आणलं, तर ते 'सक्तीने उतरवलं'. इथे तसं कुणीच नाही. इंजिन बंद पडलं आणि वैमानिकाचा इलाज चालेना. त्यासाठी 'भाग पडणे' आहेच की! 'विमान शेतात उतरवणं भाग पडलं.' नामच हवं असेल तर 'नाइलाजाचं लँडिंग'. अवतरण देवांसाठी राहू द्या.

'आपत्कालीन' फार ढोबळ आहे. प्रवाशाच्या छातीत दुखलं म्हणून जवळच्या विमानतळावर उतरले, तरी तेच म्हणतात. इंजिन चालू आहे, पण तेलाचा दाब घसरतोय म्हणून वैमानिक वेळीच उतरतो, ते प्रिकॉशनरी, म्हणजे 'खबरदारीचं लँडिंग'. पाण्यावर उतरवलं तर डिचिंग. त्याला कृपया 'जलसमाधी' लिहू नका, माणसं पुष्कळदा वाचतात.

आणखी एक: 'इंजिन निकामी झालं' हेही जपून. दमट हवेत, बाहेर २० अंशांच्या वर तापमान असतानाही कार्ब्युरेटरमध्ये (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरू शकतो, कारण इंधनाची वाफ होताना आणि अरुंद नळीत दाब उतरताना आतली हवा एकदम गार पडते. इंजिन खोकतं, दम तोडतं. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा, वेळेवर दिली, बर्फ वितळला, की तेच इंजिन पुन्हा सुरळीत. मग निकामी कुठे झालं? 'बंद पडलं' म्हणा. पूर्ण बंद न पडता नुसती ताकद गेली असेल, तर तेही स्पष्ट लिहा. 'पार्शल पॉवर लॉस' हा प्रकार वेगळा आणि जास्त फसवा, कारण इंजिन अजून थोडं ओढतंय म्हटल्यावर वैमानिक उतरायचा निर्णय लांबवतो.

इंधनाचंही तसंच. 'एक्झॉस्चन' म्हणजे इंधन संपलं. 'स्टार्व्हेशन' म्हणजे इंधन आहे, पण इंजिनापर्यंत पोचलं नाही. एका पंखातली टाकी भरलेली आणि सिलेक्टर, म्हणजे टाकी निवडायची कळ, दुसऱ्या, रिकाम्या टाकीवर. दोन्हींना 'इंधनाअभावी' लिहिलंत, तर तपासातला मुद्दाच हरवेल.

प्रश्न: मग 'इंजिन बंद पडून विमान कोसळलं' बरोबर का?

उत्तर: बहुतेक वेळा अर्धवट. इंजिन थांबलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. सेस्ना १७२ एस साधारण ६८ नॉट वेगावर धरलं, तर वारा नसताना दर हजार फुटांमागे सुमारे दीड सागरी मैल जातं. म्हणजे जमिनीपासून चार हजार फुटांवर असाल, तर सहाएक मैलांच्या टापूत शेत शोधायला वाव असतो. या 'ग्लाइड'ला नुसतं 'तरंगणं' नको, त्यात उंची घटत असल्याचं कळत नाही. 'तरंगत खाली येणं' चालेल.

कोसळण्याचं नेहमीचं कारण निराळं. टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं, उंची जेमतेम, तरी मागे धावपट्टीकडे वळायचा मोह होतो. वळताना वेग घटतो, नाक वर ओढलं जातं आणि विमान स्टॉल होतं. इथे दुसरा सापळा: गाडीत स्टॉल होतं ते इंजिन, विमानात स्टॉल होतो तो पंख. हवेचा प्रवाह सुटला की उचल ढासळली, मग इंजिन चालू असो वा बंद. 'स्टॉल'चं भाषांतर 'इंजिन थांबलं' केलंत, तर अहवालाचा अर्थ उलटा होईल.

प्रश्न: आणि 'डेडस्टिक'? मसुद्यात 'मृत दांडा' झालंय!

उत्तर: अरे देवा. ती स्टिक वैमानिकाच्या हातातली नव्हे, जुन्या काळचा लाकडी प्रोपेलर. 'इंजिन बंद असताना उतरवलं' एवढं पुरे. 'मेडे' आणि 'पॅन-पॅन' मात्र आहेत तसेच ठेवा, रेडिओवरचे ते संकटाचे आणि तातडीचे ठरलेले पुकारे आहेत.